पहिलं घावन भिंतीला

तळलेला सुका बोंबील खाऊन, हात नुसता पँटला पुसून मी प्रयोगशाळेतल्या निर्वात भांड्याच्या झाकणाखाली तांब्याची कडी बसवली. हातमोजे खिशातच राहिले. दोन दिवस पंप घरघरला, पण आतला दाब काही उतरेना. उघडून पाहिलं तर कडीवर माझ्या अंगठ्याचा तेलकट ठसा, दस्तावर उमटवावा तसा ठसठशीत.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "शनिवारपर्यंत स्वच्छ थर निघाला नाही तर यंत्र दुसऱ्या गटाला. तुम्ही स्टोअरमध्ये बसा. तिथं अंगठा कामाला येईल."

काम युरेनियमचं. धातूच्या पट्टीवर त्याचा केसाहून कितीतरी पातळ थर द्यायचा, त्यावर प्रकाश टाकून उडणारे इलेक्ट्रॉन मोजायचे. आत ते ऊर्जेच्या कुठल्या पायरीवर बसले होते, ते यंत्राचं पेन कागदावर काढतं. थर शुद्ध असेल तर रेघ शून्यापाशी कड्यासारखी उभी राहते. पण युरेनियम म्हणजे पंगतीतला आमचा मामा. पुढ्यात आलेलं सोडत नाही. भांड्यात उरलेला चिमूटभर ऑक्सिजनही ते मिनिटांत गिळतं, आणि कागदावर भलतीकडेच टेंगूळ येतं. कडी बदलली तरी आमचं दर वेळी टेंगूळच.

शुक्रवारी सकाळी बोईसरच्या खोलीत तोंड पाडून बसलो होतो. बायको घिवलीची, कोळ्यांघरची. तिनं पहिलं घावन टाकलं. ते चिकटलं, फाटलं आणि रीतीप्रमाणे माझ्या ताटात आलं.

"दर वेळी पहिलं असंच का गं, आणि ते मलाच का?"

"पयलं तव्याचंच हाय. तव्याचं पोट भरलं का दुसरं बरं निघतं. गप खावा."

घास हातातच राहिला. तसाच उठून निघालो होतो, तिनं आधी हात धुवायला लावले.

त्या दिवशी पट्टीपुढची झडप मिटून ठेवली आणि पहिलं युरेनियम नुसतं भांड्याच्या भिंतींवर उडवलं. खाऊ दे त्यालाच काय तो ऑक्सिजन. दाबाचा काटा मुकाट खाली बसला. मग झडप उघडली आणि दुसरा थर पट्टीवर दिला. पेन टेंगळाच्या जागेवरून सपाट चालत गेलं आणि शून्यापाशी ताडकन उभं चढलं. साहेबांनी कागद दोनदा उजेडात धरला. "याला म्हणतात युरेनियम," म्हणाले, आणि स्वतः चहा सांगितला. मी तो हातमोजे घालूनच प्यायलो.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

"म्हंजे भिंतीनं घाण खाल्ली, म्हनून दुसरं चांगलं निघालं?"

"अगदी तसंच."

"मंग पयलं घावन तुमाला का वाढते, ते आता परत इचारू नका."