दादा आत जाणार नाही

लहानपणी घरी पाहुणे आले की आई धाकट्याला हळूच म्हणायची, "दादाला आत ने." मग पाहुणे जाईपर्यंत दोघं भाऊ मागच्या खोलीत दार लावून बसायचे. दादाला ऑटिझम होता आणि त्याचं बोलणं लोकांना झेपायचं नाही. पुढे धाकट्याने स्वतःचं सलून काढलं, तेव्हा दादाची खुर्ची मुद्दाम दर्शनी भागात मांडली.

एकदा एक बडा कंत्राटदार दाढीला आला. त्याचे सगळे कामगार याच दुकानात यायचे. अर्धी दाढी झाल्यावर त्याने दादाला हटकलं, "काय रे, घरी नाही का जायचं?"

"तू इथेच बसणार," दादा म्हणाला.

"मला अरे-तुरे? आत ने याला! नाहीतर माझा एकही माणूस इथे फिरकणार नाही."

धाकट्याचा वस्तरा थांबला. "साहेब, तो स्वतःलाच 'तू' म्हणतो. आणि बरोबर बोलला तो. इथेच बसणार."

"मग मी उठतो!"

"उठा की! फेस तेवढा घरी जाऊन पुसा."

एका गालावर फेस घेऊन कंत्राटदार तरातरा निघून गेला. बाकावरची माणसं खुदखुदली. धाकट्याने टॉवेल झटकला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "हं, पुढे कोण?"