डबल गुडघ्यांची पँट

माझ्या मुलांच्या मामांइतका हळवा माणूस आख्ख्या उल्हासनगरात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकं जाड कापड शिवणाराही झाला नाही. मामा म्हणजे माझे भाऊ नव्हेत. मला भाऊ नाहीच. हे मामा म्हणजे आमच्या खालचे सिंधी गृहस्थ. कॅम्प चारमध्ये आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचा सात मशिनींचा जीन्स शिवायचा कारखाना होता, आणि त्या सात मशिनींच्या खडखडाटावर आमचा संसार. थोरल्या अमोलचं जावळ काढायचं ठरलं तेव्हा त्याला मांडीवर घ्यायला मामा कुठून आणायचा, असं मी जिन्यात शेजारणीला म्हणत होते, तर खालून आवाज आला, "अदी, मैं मर गया क्या?" सिंधीत बहिणीला अदी म्हणतात. झालं! त्या दिवसापासून ते मामा. न्हाव्याने वस्तरा काढला तेव्हा अमोल मजेत अंगठा चोखत बसला होता. रडले ते मामा, आणि तेही असे की न्हावी हात थांबवून म्हणाला, "पहले इनको चुप कराओ, नहीं तो मेरा हाथ हिलेगा."

मामांच्या गळ्यात कायम मापाची टेप. लग्नाला गेले तरी सफारी सूटवर टेप. ओळख झाली की माणसाचं नाव विचारायच्या आधी त्याची कंबर सांगायचे. माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत नुसत्या नजरेने "बयालीस" म्हणाले. सासरे बिचारे मुक्काम संपेपर्यंत पोट आत ओढून वावरले. घरी कोणीही आलं की आधी पापड आणि पाणी. मुलाला ताप आला तरी पापड, ताप उतरला तरी पापड. दर रविवारी दोन्ही मुलांना कारखान्याच्या दाराला टेकवून त्यांची उंची मोजत, आणि एखाद्या आठवड्यात वाढ दिसली नाही तर माझ्यावर डाफरत, "अदी, बच्चों को खाना देती है, के सिर्फ किताब पढ़के सुनाती है?"

किताबवरून बोलायचा त्यांना हक्क होता. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, अंगाने काडी आणि अक्कल त्याहून बारीक. मूल वाढवणं म्हणजे बोर्डाची परीक्षा आहे आणि आपण त्यात पहिलं यायचं आहे, अशी माझी पक्की समजूत. बालसंगोपनाच्या पुस्तकाला मी खाकी कव्हर घातलं होतं आणि कपाटाच्या दाराला आतून तक्ता चिकटवला होता: मान कधी धरली, पालथा कधी पडला, पहिला दात कधी आला. अमोल दहाव्या महिन्यात चालला. ही बातमी मी शेजारणींना सांगितली, भाजीवाल्याला सांगितली, मनीऑर्डर घेऊन आलेल्या पोस्टमनला सही करता करता सांगितली. जणू मी स्वतःच पहिल्यांदा चालले होते!

मग झाली मंजू. आणि मंजूने तक्त्याला अजिबात जुमानलं नाही. वर्षाची झाली, सव्वा वर्षाची झाली, दीड वर्ष उलटून गेलं, पण बाईसाहेब रांगतच होत्या. रांगण्यात मात्र अशी चपळ, की मी पोळीखालचा गॅस बंद करीपर्यंत ती जिन्याच्या तोंडाशी. शेजारणी विचारायच्या, "अजून नाही का हो?" मी खुशाल सांगायचे, "घरात चालते की! चारचौघांत लाजते." एकदा तर "घरभर धावते नुसती," असंही म्हणून गेले. हे नेमके मागून आले. अंबरनाथच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेला दमलेला माणूस; पिशवी ठेवत म्हणाले, "कोण धावतं?" त्या दिवशी मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. पोरीच्या पायात काही दोष असेल तर? हे मी कोणालाही, अगदी यांनाही, मोठ्याने विचारलं नव्हतं.

मामांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "चलेगी. उसको कौन सा ऑफिस जाना है?" पण त्यांना तिच्या चालण्यापेक्षा गुडघ्यांची काळजी. आमच्या घरात कोबा होता, आणि वर्षाची व्हायच्या आधीच रांगून रांगून मंजूचे गुडघे सोलवटले होते. ते पाहून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जीन्सच्या उरलेल्या कापडातून तिला पँट शिवली: गुडघ्यावर डबल कापड, मध्ये गादीचा कापूस, चहूबाजूंनी तिहेरी शिलाई. "अदी, मुंबई तक रांगेगी तो भी कुछ नहीं होगा!" एक शिवून थांबतील तर ते मामा कसले. सहा शिवल्या. त्या पँटी धुऊन वाळल्या की आत मूल नसतानाही आपोआप उभ्या राहायच्या. मला भारी कौतुक. जीन्स घातलेली मुलगी त्या काळी आमच्या चाळीसारख्या बिल्डिंगीत दुसरी नव्हती, म्हणून मी मंजूला सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं काही घालतच नव्हते.

शेवटी धीर करून आम्ही तिला अंबरनाथच्या मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर आणि तिरकस होते. त्यांनी मंजूचा पाय गुडघ्यात दुमडून पाहिला. पाय अर्ध्यावरच अडला. मग त्यांनी पँट उतरवली आणि टेबलावर ठेवली. ती तिथे रुबाबात उभी राहिली. डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"हे कोणी केलं?"

"हिच्या मामांनी."

"लढाईला पाठवायचंय का पोरीला?" मग त्यांनी दोन्ही पाय नीट तपासले, वाकवले, ताणले. "पाय ठणठणीत आहेत. पण हे घालून तिने उठायचं कसं? आणि का? गुडघ्याला गादी आहे, रांगायला मजा येते. पाय मोकळे ठेवा. चालेल."

घरी येईपर्यंत मी हसत होते आणि डोळे पुसत होते. पण मामांना काय सांगायचं? "उकडतंय म्हणून पँट घालत नाही," असं ठरवलं. माझं खोटं अर्धा तासही टिकलं नाही. पाच वर्षांच्या अमोलने खाली जाऊन, हातातला पापड न सोडता, जाहीर केलं, "मामा, डॉक्टर म्हणाले, तुमच्या पँटमुळे मंजू चालत नाही."

खाली एकेक करत सातही मशिनी थांबल्या. दोन दिवस मामा वर आले नाहीत. यांनी जाऊन समजूत काढली, "अहो, घालत तर आम्ही होतो!" तर मान हलवून म्हणाले, "सिलाई मेरी थी." तिसऱ्या दिवशी आले, सहाही पँटी घेऊन गेले आणि संध्याकाळी त्यांच्या गुडघ्याच्या वर कापलेल्या चड्ड्या करून आणल्या. त्यानंतर त्यांनी मंजूचा ताबाच घेतला. सकाळी तिला खाली न्यायचे, कापडाच्या गठ्ठ्याला धरून उभी करायचे आणि स्वतः चार हात अंतरावर उकिडवे बसून हात पसरायचे. एवढा मोठा देह, दिवसभर उकिडवा! माल वेळेवर गेला नाही म्हणून व्यापारी ओरडून गेला. कारागीर चहा पीत बसले होते.

दहाव्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, आणि खालून अशी काही आरोळी आली की लाटणं हातात घेऊनच मी धावले. मंजू दारापाशी उभी होती, कशालाही न धरता. मामा जमिनीवर टेप पसरून मोजत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. "साढ़े सात फुट, अदी! मेरे पास नहीं आई. मुझे छोड़ के सीधा दरवाजे पे गई!" तक्तेवाली मी, पोस्टमनला बातम्या सांगणारी मी, मुलीची पहिली पावलं चुकवून बसले होते. आणि गंमत म्हणजे मला त्याचं काही वाटलं नाही. ज्याने पाहायला हवी होती त्याने पाहिली होती.

मंजू चार वर्षांची असताना आम्ही बदलापूरला, शिरगावात, स्वतःचा ब्लॉक घेतला. सामान टेम्पोत चढलं. मामांनी मंजूला उचलायला हात पुढे केले, पण तिला ड्रायव्हरशेजारची जागा पकडायची घाई. "मी माझी जाते," म्हणाली आणि तरातरा निघाली. एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही. मला लाज वाटली. निदान टाटा तरी कर, म्हणून मी तिला हाक मारणार, तेवढ्यात मामांनी मला थांबवलं. ते तिच्या पायांकडे बघत होते.

"रहने दे, अदी," म्हणाले. "देख, कितना अच्छा चलती है."