मामा हिंगोली दाखवतात

हिंगोली वसवली कुणीही असो, ती चालते मात्र माझ्या मामांच्या जिवावर, अशी निदान मामांची तरी खात्री आहे. परगावचा माणूस दारात आला, की त्याने चपला काढायच्या आत मामा आपल्या घालतात. "च्या मंग घेऊ. आदी गाव बघा!" मग कयाधूच्या पुलापासून सुरुवात. उन्हाळ्यात नदीत नुसती वाळू असते. एका पाहुण्याने तसं बोलून दाखवलं, तर मामा भडकले, "पाणी हाय की! खालून वाहून राहिलं. तुमाला न्हाई दिसत, त्याला आमी काय करावं?" पुढे बाजार, निजामाच्या वेळच्या दगडी भिंती, कुठल्याशा हाटेलातली भजी आणि वाटेत भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस. पाहुणा परततो तेव्हा त्याच्यात जेवायचंही त्राण उरलेलं नसतं.

त्यांच्या सुमीला बघायला पुण्याची मंडळी येणार, तेव्हा मामींनी हात जोडले, "आज तरी पाहुण्यायला घरात बसू द्या." पण मामांचा बेत वेगळाच होता. मुलाला गाव आवडलं तर तो इकडेच नोकरी बघेल, एकुलती एक लेक डोळ्यांसमोर राहील. मंडळी टेकतात न टेकतात तोच मामा त्यांना मोंढ्याच्या बाजारात घेऊन गेले. ऐन हंगाम, हळदीची पोती ओतणं चाललेलं आणि त्यात वारा सुटलेला. मुलगा, त्याचे आईवडील, सगळे डोक्यापासून पायापर्यंत पिवळे होऊन परतले. मामींनी कपाळावर हात मारला. सुमी पोहे घेऊन बाहेर आली ती खो खो हसतच सुटली. झालं, जमायच्या आतच मोडलं, असं आम्ही समजलो. पण मुलाची आई पदर झटकत म्हणाली, "हळद तर लागली. आता नाही कसं म्हणायचं?"

लग्न थाटात झालं. जावयाला हिंगोली मनापासून आवडली, पण नोकरी पुण्यातच राहिली.

मध्यंतरी मामा पहिल्यांदा लेकीकडे जाऊन आले. जावयाने त्यांना दिवसभर पुणं दाखवलं म्हणे, आणि मामा चकार शब्द न काढता मागे मागे फिरले. ते आल्यावर मी मुद्दामच विचारलं, "मामा, कसं हाय पुणं?"

"हिंगोलीपरीस चांगलं हाय."

मी उडालोच. "काहून?"

मामा चष्मा पुसत राहिले. मला उगीच विचारलंसं झालं.

"आपलं लेकरू हाय ना तिथं," ते म्हणाले.