मे महिन्यातला बर्फ

तिसरं गाणं सुरू झालं तेव्हा पडद्यावर हिरवंगार भाताचं शेत होतं, आणि समोरची जपानी मंडळी एकमेकांकडे न बघता टाळ्या वाजवत होती. जपानी माणूस खूश झाला की टाळ्या वाजवतो. अवघडला तरी टाळ्याच वाजवतो. त्यातला फरक कळायला त्यांच्यात बरीच वर्षं काढावी लागतात. मी काढली होती, म्हणून कळलं की या टाळ्या अवघडल्याच्या आहेत.

मी सिंगापूरला एका कराओके लाउंजमध्ये मशीन सांभाळायचो. शाळा सातवीपर्यंत, तीही आजऱ्याच्या मास्तरांनी पुढे ढकलत नेलं म्हणून. मग गावात लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्याकडे राबलो, नंतर सिंगापूरला येऊन तुआसच्या शिपयार्डात वायरमन, आणि साठी ओलांडल्यावर या लाउंजमध्ये. कराओके म्हणजे गाण्यातून गायकाचा आवाज काढलेला असतो. वाद्यं वाजतात, पडद्यावर शब्द येतात, शब्दांच्या मागे काहीतरी चित्र हलत असतं आणि गिऱ्हाईक माइक धरून गातं. सूर वरखाली करायला एक बटण असतं, त्याला की म्हणतात. दोन बिअर पोटात गेल्या की माणसाचा गळा खाली बसतो. तेव्हा त्याला न विचारता की उतरवायची. माझी कला एवढीच. पण मी ती अशी मिरवायचो, की तानपुरा जणू मीच शोधून काढला.

आमची मालकीण मॅडम टॅन. तिचा धंदा टिकून होता तो जपानी कंपन्यांच्या लोकांच्या एका मंडळावर. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते अख्खा हॉल घ्यायचे. त्यांचा सेक्रेटरी सायतो-सान. सान म्हणजे आपलं राव. तो एकदा मे महिन्यात आला आणि म्हणाला, या वेळची पार्टी मोरिता-सानच्या निरोपाची आहे. तुआसला कारखान्याचा मॅनेजर होता, रिटायर होऊन कायमचा जपानला चालला होता. सिंगापूरला माणसाला ऋतू भेटत नाही. बारा महिने उकाडा आणि दुपारी छत्री. म्हणून गाणी अशी हवीत, की घरी पोचल्यावर दारात जे हवामान असेल, तेच इथे कानावर पडावं. म्हणजे वसंत सरता सरता आणि उन्हाळा लागता लागता.

मी म्हणालो, ते गुलाबी फुलांचं ना? तो घाईने म्हणाला, नाही नाही, ती फुलं एप्रिलमध्येच झडून जातात. आता नवी पालवी, भातलावणी, थोडा पाऊस. मला चटकन पटलं. गणपतीत होळीची गाणी कोण लावेल?

मॅडम टॅनने मला बाजूला घेतलं. समोरच्या इमारतीत नवं लाउंज निघालं होतं. तिथे गिऱ्हाईक स्वतःच बटणं दाबायचं, मशीनवाला माणूसच नाही. मंडळ तिकडे गेलं, तर तिलाही मला ठेवणं परवडणार नव्हतं. एवढं सांगून तिने विचारलं, "अंकल, कॅन ऑर कॅनॉट?"

"कॅन," मी म्हणालो. मी तिला कॅनॉट म्हणालोय असं कधी झालंच नव्हतं.

घरी बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये जेवताना मुलाला सांगितलं. संदीप इथेच शिकलेला, रॅफल्स प्लेसला बँकेत. मी घरी बसावं म्हणून तो कधीचा मागे लागला होता.

"बाबा, तुम्हाला जपानी वाचता येतं?"

"नाही."

"मग?"

"मला मशीन वाचता येतं."

"टायटल्सचे फोटो पाठवा ना. फोनवर ट्रान्सलेट करून देतो. पाच मिनिट्स ओन्ली."

आता ज्याला मी सायकल शिकवली, त्याच्याकडून मी गाणी शिकायची? मी सांगितलं, हे मला जमलं नाही तर नोकरी सोडून घरात बसेन, तुझी बायको निवडायला देईल ती भाजी निवडेन. सुनेने लगेच मान वर केली. संदीप म्हणाला, "ओके, डील." माझ्याच घरात माझी पैज सगळ्यांना इतकी आवडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी रिकाम्या हॉलमध्ये बसून गाणी निवडायला लागलो. माझी पद्धत सोपी होती. एकेक गाणं लावायचं आणि मागचं चित्र बघायचं. गुलाबी फुलं दिसली, बाद. पिवळी पानं, बाद. बर्फ दिसला तर पुढे बघायचंसुद्धा नाही. हिरवी झाडं, नदी, छत्रीतली मुलगी, हे घ्यायचं. भाताचं शेत दिसलं की डोळे मिटून घ्यायचं, कारण भात माझ्या ओळखीचा. आजऱ्याच्या घनसाळ भाताच्या वासात वाढलेला माणूस मी, रोपं गुडघ्याएवढी आहेत की कमी, त्यावरून महिना कुठला हे मला जपान्याने सांगायला नको. मॅडम टॅन कोपऱ्यात फोनवर बोलत असायची, तिला त्रास नको म्हणून मी आवाज बंद ठेवला होता.

होय. मी गाणी निवडत होतो आणि आवाज बंद होता.

निवड झाल्यावर पुन्हा सगळी ओळीने लावून बघितली. डोळ्यांना असा गारवा वाटला की बास. मॅडमला दोन चित्रं दाखवली. "व्हेरी नाइस, अंकल," ती म्हणाली. तिलाही जपानी येत नव्हतं.

रविवारी मंडळी जमली. मोरिता-सान पुढे बसला, शेजारी त्याची बायको. माइक त्याच्या मांडीवर, पण शेवटी गाईन म्हणाला. पहिल्या गाण्याला एक बाई तोंडावर हात धरून हसली. दुसऱ्याला गाणारा मध्येच थांबून शब्द पुन्हा वाचून बघायला लागला. तिसऱ्याला त्या टाळ्या, ज्यांचं मी सुरुवातीला सांगितलं. मग सायतो-सान माझ्या टेबलाशी आला आणि कमरेत वाकला. काहीतरी वाईट सांगायचं असलं की तो नेहमीपेक्षा जास्त वाकायचा.

"अंकल-सान, फार सुंदर गाणं आहे," तो हळूच म्हणाला. "बर्फाचं."

मी पडद्याकडे बोट केलं. तिथे भात डुलत होता.

"हो. पण गाणं बर्फाचं आहे."

"पुढचं?"

त्याने नाव वाचलं. "वर्षाची शेवटची रात्र."

"त्याच्या पुढचं?"

तो आणखी वाकला. "पुन्हा बर्फ. यात आई वाट बघते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाणी एका डिस्कवर असतात, मागची चित्रं दुसरीवर. मशीन गाण्याच्या नंबराप्रमाणे ओळीने येईल ते चित्र जोडून देतं. अर्थाशी त्याला काही देणंघेणं नसतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दोन्ही डिस्क मीच बसवल्या होत्या. पण इतकी वर्षं मी गाणाऱ्याच्या गळ्याकडे बघत आलो, पडद्याकडे माझी पाठ. पडद्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून बसलो.

मॅडम टॅन आली. "अंकल, वाय सो क्वाएट?"

मशीन बिघडलंय, असं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मशीन बिघडलं म्हटलं तर ते दुरुस्त करणारा मीच. म्हणून खरं सांगितलं. तिने काचेतून समोरच्या इमारतीकडे बघितलं.

मग मी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. माझा रिमोट सायतो-सानच्या हातात दिला आणि म्हणालो, "कॅनॉट." त्याने तो मोरिता-सानला नेऊन दिला. मोरिता-सानने चष्मा वर सरकवून एक गाणं शोधलं. त्याची बायको लगेच सरळ बसली. सायतो-सान माझ्या कानात म्हणाला, हे बरोबर आहे. नवी पालवी, नदीकाठी वाळत घातलेले कपडे आणि घरी परतणारा माणूस.

गाणं सुरू झालं आणि पडद्यावर बर्फाचा डोंगर आला. लाल टोप्या घातलेले लोक त्यावरून घसरत खाली येत होते. अख्खा हॉल हसला. मोरिता-सान इतका हसला की त्याला पहिली ओळच धरता येईना.

मशीनला चित्र बंद करायचं बटण असतं. शब्द राहतात, मागे नुसता निळा रंग. मी ते दाबलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं. हसून हसून आणि बिअरने त्याचा गळा बसला होता, म्हणून न विचारता की दोन घरं उतरवली. दुसऱ्या कडव्यात आवाज कापायला लागला तेव्हा आणखी एक. तो शब्दांकडे बघतच नव्हता, त्याला पाठ होते. निळ्या पडद्याकडे बघत त्याने सगळं गाणं म्हटलं. बायको मांडीवर बोटाने ताल धरत होती. शेवटी टाळ्या उशिरा पडल्या. उशिरा पडलेल्या टाळ्या खऱ्या असतात.

पुढची सगळी गाणी त्यांनीच निवडली. मी फक्त की सांभाळली.

घरी संदीपने विचारलं, कसं झालं? मी म्हणालो, "तिसऱ्या गाण्यालाच टाळ्या." हे खोटं नव्हतं. मला भाजी निवडावी लागली नाही, म्हणजे पुढे बरेच दिवस तरी नाही.

मंडळ आमच्याकडेच राहिलं. मात्र त्यानंतर गाणी सायतो-सान स्वतः ठरवून पाठवायचा. एकदाच त्याने ठरवली नाहीत. नोव्हेंबर संपताना त्याचा फोन आला. वर्षअखेरीची पार्टी होती. म्हणाला, अंकल-सान, या वेळी काही निवडायला नको. तुमची मे महिन्याची गाणीच लावा, ती अगदी योग्य आहेत.

मी ती लावली. त्यांना फार आवडली. मॅडम टॅनला मी सांगितलं की मी कामाची तयारी सहा महिने आधीच करून ठेवतो.

या धंद्यात पुढे येणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. गाणी निवडताना आवाज चालू ठेवावा. मला जपानी येत नाही, त्यामुळे माझा त्याने काही फायदा झाला नसता. पण निदान ऐकत होतो असं म्हणता आलं असतं.