मशीननं विचारलं ‘कोण?’

तुमच्या दारावर थाप पडली, तर तुम्ही आतून ‘कोण?’ म्हणता, की ‘कोणाचे?’ म्हणता? खरं सांगा. दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात... पण दुसऱ्या प्रश्नाला माणूस नको असतो. त्याला आडनाव हवं असतं, आणि आडनावाच्या मागे उभी असलेली जात. माझा अनुभव याच प्रश्नाभोवती फिरतो, म्हणून आधीच विचारून ठेवलं.

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या घरात पाण्याच्या माठाशेजारी सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. मोठ्यानं वाचायची सवय लागली ती विद्यापीठाच्या नामांतराच्या पत्रकांवर – वडील छापायचे, मी चुका शोधायचो. अठराव्या वर्षी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं, ते आमच्या भागातल्या एका अंगात आणणाऱ्या बाबाविरुद्ध. त्यानं मला भर बाजारात शाप दिला. त्यानंतर माझं साधं नखही दुखलं नाही. तेव्हा भूत, चेटूक, साक्षात्कार यांच्याशी माझा संबंध भांडणापुरताच. पण जे घडलं ते माझ्या मताला सोयीचं नाही म्हणून लपवलं, तर त्या बाबात आणि माझ्यात फरक काय राहिला?

नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. परभणीतल्या एका सरकारी कार्यालयात मी हंगामी डेटा ऑपरेटर होतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही. मागच्या बाजूला काचेचं दार असलेली एक खोली, खोलीत एसी, एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल – म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मी देवळातही चपला काढायला जात नाही, इथे मात्र रोज काढायचो... धुळीनं मशीन बिघडतं म्हणून.

जुलै महिना होता. मुलींच्या वसतिगृहाची निवडयादी त्या मशीनमध्ये होती. त्रेसष्ट मुली. सोनपेठ, वालूर, पेडगाव, कुठल्या कुठल्या वस्त्यांवरच्या. ऊसतोडीला आईबाप गेले की ज्यांची शाळा सुटते अशा कितीतरी. मूळ अर्ज तपासणीसाठी आधीच औरंगाबादला गेले होते. कोणाची निवड झाली, हे फक्त मशीनला ठाऊक. छापील यादी, ज्या दिवशीची ही गोष्ट त्या दिवशी, दुपारी तीनच्या एसटीनं औरंगाबादला आमचे शिपाई गफूरभाई घेऊन जाणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पोचली नाही तर आमच्या जिल्ह्याच्या जागा दुसरीकडे जाणार, असं पत्रच होतं.

आणि नेमकं आदल्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरनं मशीनवर ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती चढवली होती. डबाभर फ्लॉप्या एकेक करून घातल्या, “आता जास्त फास्ट चालेल” म्हणाला आणि नांदेडला दुसऱ्या साइटवर निघून गेला.

सकाळी दहाला मी बसलो. पडद्यावर ‘लॉगिन’ आलं. मी माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. उत्तर आलं – लॉगिन इनकरेक्ट. परत टाकलं. तेच. कॅपिटलचं बटण दाबलं गेलंय का पाहिलं. टर्मिनल बदललं, वायरी काढून घातल्या, मशीन बंद करून चालू केलं. साहेबांचं लॉगिन टाकलं, तेही नाही. मशीन आमच्यातल्या कोणालाच ओळखेना.

गफूरभाई दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “नवं डोकं बसवलं ना दादा त्याला. परमोशन झालंय. आता जुन्या मान्सांना वळख द्यायचं न्हाई त्ये.”

साहेब म्हणाले, “नारळ फोडून बघायचा का? तसं काही नाही, आपलं मनाचं समाधान.”

“साहेब,” मी म्हणालो, “नारळ मशीनवर फोडायचा की इंजिनिअरवर?”

साहेब उठले. पोस्टातून नांदेडला ट्रंक कॉल लावला. इंजिनिअर जागेवर नव्हता, उद्या सकाळी परभणीला येईल असा निरोप मिळाला. उद्या! बारा वाजले होते.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर वालूरच्या सुभद्राबाई आपल्या मुलीला, कमलला घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं येऊन बसल्या होत्या. यादीत नाव आहे का, एवढंच त्यांना हवं होतं. मी दोनदा बाहेर जाऊन “अजून थांबा” म्हणून आलो. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “लागंल तेवढं थांबतो बाबा. पर न्हाई म्हनायचं आसंल तर आताच म्हना. पोरीला सोयरीक आलीय, तिचा बाप जबान देऊन बसंल.” कमल चपलेच्या अंगठ्याकडे बघत होती. चौदा वर्षांची असेल.

मी आत येऊन रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर मशीन आलं तेव्हापासूनची लॉगिन नावं एका कारकुनानं पासवर्डसकट लिहून ठेवली होती. एकेक टाकत गेलो, सगळी नाकारली. शेवटी राहिलं मंदाताईंचं. माझ्या आधी त्या इथे ऑपरेटर होत्या. काविळीनं गेल्या, त्यांच्या जागेवर मला घेतलं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाकी सगळ्यांचं लॉगिन म्हणजे आडनाव होतं. त्यांच्या पुढे लिहिलं होतं – ‘आम्ही’. देवनागरीत, सुवाच्य. मी इंग्रजी अक्षरात टाकलं – ए, एम, एच, आय. नाही. ए डबल केला. नाही. शेवटचा आय डबल केला. नाही. किती वेळा टाकलं ते आठवत नाही.

पावणेदोन झाले. साहेब जेवायला घरी गेले होते. मी तीन नंबरच्या टर्मिनलसमोर डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात मागून, दारातून आवाज आला.

“कोण हाय?”

आणि एका बाईच्या आवाजात उत्तर – “आमी.”

एवढंच. शांत, रोजचं. खेड्यातली बाई दारावर आपलं नाव सांगत नाही. आतून ‘कोण?’ आलं की ती म्हणते ‘आमी’, आणि आतल्यानं आवाजावरून ओळखायचं असतं. मी लहानपणापासून हजारदा ऐकलेला शब्द. पण पत्रकांच्या चुका काढून काढून माझ्या हाताला शुद्धलेखनाची अशी सवय लागली होती, की ‘आम्ही’तला ह मी घट्ट धरून बसलो होतो. आमच्याकडे बोलताना तो ह असतोच कुठे?

मी टाकलं – ए, एम, आय.

पासवर्ड विचारलाच नाही. पडदा उघडला. यादी समोर होती.

प्रिंटर करकरायला लागला तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे होतं. चार पानं. दुसऱ्या पानावर कमलचं नाव होतं. मी ते पान घेऊन बाहेर धावलो.

“आहे! कमलचं नाव आहे!”

सुभद्राबाईंनी पान हातात घेतलं, उलटं धरलं, मला परत दिलं. “वाच की अजून एकडाव.”

मी वाचलं. कमल पहिल्यांदा हसली आणि आईला म्हणाली, “आता सांग आप्पाला.”

“सांगते की. घाबरते का त्याला!” त्या म्हणाल्या, आणि डोळ्याला पदर लावला.

मी म्हणालो, “मावशी, मघाशी तुम्ही ‘आमी’ म्हणालात, त्यानंच काम झालं बघा.”

“कवा?”

“आत्ता. गफूरभाईंनी ‘कोण हाय’ विचारलं तेव्हा.”

“न्हाई बा. मी कशाला बोलू? सकाळधरनं मुकी बसलेय हितं. मला काय, समोरच तर बसलेय, कोन इचारतंय?”

गफूरभाई डबा खात होते. त्यांनी घास हातातच धरला. “मी न्हाई इचारलं दादा. अल्ला कसम. आन् त्या काचंतून तुमाला माझी हाक कवा ऐकू येती का? धा येळा दार वाजवतो तवा मान वर करता तुमी.”

ते खरं होतं. एसीच्या घरघरीत त्या खोलीत बाहेरचं काहीच ऐकू येत नसे.

मग गफूरभाईंनीच सांगितलं. मशीन नवीन आलं तेव्हा इंजिनिअरनं सगळ्यांना आडनाव विचारून लॉगिन बनवलं होतं. मंदाताईंनी आडनाव द्यायला नकार दिला. म्हणाल्या, माझ्या आईला गावात दर दारावर ‘कोणाचे?’ विचारायचे, आणि सांगितलं की पाणी वरून ओतायचे. ती नुसतं ‘आमी’ म्हणायची, तरी विचारायचेच. हे मशीन नुसतं ‘कोण?’ विचारतंय ना? मग याला तेवढंच उत्तर. पुढे कारकुनानं रजिस्टरमध्ये तो शब्द शुद्ध करून लिहिला होता.

तीनच्या गाडीनं यादी गेली.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. मी सगळं सांगितलं. तो हसला आणि मुख्य पासवर्ड टाकून आत गेला. मग हसायचा थांबला. नवी आवृत्ती चढवताना जुनी लॉगिनची फाइल पूर्ण पुसली गेली होती – म्हणून आम्ही कोणीच आत जात नव्हतो. नव्या फाइलमध्ये ‘आमी’ नव्हतं. असणं शक्यच नव्हतं. त्यानं माझ्यासमोर ते नाव टाकलं. लॉगिन इनकरेक्ट.

“तुम्ही दुसरं काहीतरी टाकलं असेल,” तो म्हणाला.

त्या मशीनला ‘हू’ असं विचारलं, म्हणजे ‘कोण’, की ते आत कोण आहे ते सांगतं. आधी कोण येऊन गेलं त्याचीही नोंद ठेवतं. त्यानं ती नोंद काढली. आदल्या दिवशीची एकच ओळ होती. आमी, टर्मिनल तीन, एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यानं ती नोंद पुन्हा एकदा काढून पाहिली. मग म्हणाला, “रिपोर्टमध्ये हे लिहीत नाही.” मी त्या ओळीचा प्रिंट काढून घेतला. अजून माझ्याकडे आहे.

आवाजाचं मी सोडून देतो. सकाळपासून उपाशी होतो, कान वाजले असतील. डोक्यातलाच शब्द बाहेरून आल्यासारखा वाटला असेल. पण त्या ओळीचं काय? मशीन उपाशी नव्हतं. तेव्हापासून कॉम्प्युटर जाणणारा जो भेटेल त्याला विचारतो. कोणी म्हणतं जुनी फाइल कुठेतरी उरली असेल. मग दुसऱ्या दिवशी ती कुठे गेली?

साहेबांनी मंदाताईंचा फोटो मशीनवर लावून उदबत्ती लावायचं काढलं होतं. मी होऊ दिलं नाही. देव्हाऱ्यात बसायला त्या आयुष्यभर भांडल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं फार साधं होतं. आता विद्यापीठाच्या दारावर नवं नाव लागलंय. आपल्या घराच्या दारांचं काय?

म्हणून वाचकहो, खुलासा सापडला तर जरूर कळवा. पण त्याच्या आधी एक करा. उद्या तुमच्या दारावर थाप पडेल, तुम्ही ‘कोण?’ विचाराल, आणि बाहेरून कोणी नुसतं ‘आमी’ म्हणेल. तेव्हा पुढचा प्रश्न विचारू नका. दार उघडा.