भट्टीकाकांचं घड्याळ

भट्टीकाका हे नाव त्यांना बेकरीतल्या लोकांनी दिलं. मालक बदलले, पीठ मळायची यंत्रं बदलली, सोबतचे कामगार आले आणि गेले. भट्टीसमोरची जागा मात्र यांची ती यांचीच राहिली. दंड खांबासारखे, आवाज भरदार, आणि स्वभाव असा मऊ की समोरचा रागावला तर हेच आधी ओशाळणार. पहाटे अंधारात उठायचं, गाव दात घासतंय तोवर निम्मे पाव भाजून मोकळं व्हायचं आणि दिवेलागण झाली की डुलक्या काढायच्या, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता.

बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक लेक दोन गल्ल्या सोडून राहायची. विम्याच्या कचेरीत ती चांगल्या हुद्द्यावर होती. दर रविवारी येऊन ती बापाच्या घराची झाडाझडती घ्यायची. कुठल्या शर्टाचं बटण तुटलंय, फ्रीजमध्ये काय शिळं पडलंय, विजेचं बिल भरलंय की नाही, सगळं. काका निमूटपणे सगळं ऐकून घेत. आईची गादी लेकीने चालवायची, यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

बेकरीसमोर औषधांचं दुकान होतं. तिथल्या बाई दुपारी दुकानाला कुलूप लावण्याआधी गव्हाचा पाव न्यायला यायच्या. काकांच्याच वयाच्या, चष्मा गळ्यात साखळीला अडकवलेला, बोलणं मोजकं पण मिस्कील. आधी पावावरून बोलणं व्हायचं, मग गुडघ्यांवरून, मग कशावरूनही. एक दिवस त्यांनी पावाच्या पैशांसोबत एक तिकीट ठेवलं. वाचनालयाच्या सभागृहात त्यांच्या गायनमंडळाचा शनिवारी संध्याकाळी कार्यक्रम होता.

"इतकी वर्षं तुमचा पाव खातेय," त्या म्हणाल्या, "एकदा माझं गाणं ऐका. फिट्टंफाट."

काकांनी ते तिकीट घरी नेऊन आरशाच्या चौकटीत खोचलं. रविवारी लेकीच्या नजरेतून ते सुटलं असतं तर नवलच. तिने तिकीट उलटसुलट करून वाचलं. काका उगाच भांडी पुसत बसले. शेवटी तिने एवढंच विचारलं, की घालणार काय.

कपाटातून राखाडी कोट निघाला. श्वास रोखला की बटणं लागत होती. लेकीने मागून, पुढून पाहिलं, खांद्यावरचा धागा काढला, आणि म्हणाली की सगळं ठीक आहे, पण हात भुंडा दिसतो, एक घड्याळ हवं. म्हणाली खरी, पण लगेच तोंड फिरवून कोट घडी करायला लागली. कारण बाप काय उत्तर देणार हे तिला पाठ होतं. पहिल्या पगारातून तिने त्यांच्यासाठी हौसेने घड्याळ आणलं होतं, तेव्हा त्यांनी ते डबीसुद्धा न उघडता परत करायला लावलं होतं. मला घड्याळ आवडत नाही, म्हणाले होते. ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

पण या वेळी काका म्हणाले, "चल, बघू या. पण साधं हवं हं. पातळ, हलकं आणि आपल्या खिशाला झेपेल असं."

घड्याळाचं दुकान किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि चपलांच्या दुकानांच्या मध्ये अंग चोरून उभं होतं. आत एकाच वेळी दोनच गिऱ्हाइकं मावतील एवढी जागा. घड्याळजींनी डोळ्यावरची भिंगाची वाटी कपाळावर सरकवली आणि काय दाखवू म्हणून विचारलं. उत्तर लेकीने दिलं. तिच्या सांगण्यावरून आलेलं पहिलं घड्याळ चांगलं जाडजूड होतं. तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या, बाजूला खुंट्या, आणि पोलादी साखळीचा पट्टा.

ती साखळी मनगटाजवळ आली तसा काकांनी हात झटकन मागे घेतला. मग स्वतःच ओशाळून पुढे केला.

त्यांच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. गुलाबीसर, चकचकीत, आणि नीट पाहिलं तर साखळीच्या कड्यांसारखे चौकोन त्यात उमटलेले. बाहेर जाताना ते नेहमी लांब बाह्यांचा शर्ट घालत. घड्याळ चढल्यावर तो डाग सगळा त्याच्याखाली गेला. लेक खूश झाली.

काकांनी हात वरखाली करून पाहिला. कोटाची बाही घड्याळापाशी अडत होती, आणि तिथली पातळ झालेली कातडी त्या वजनाखाली आत्ताच चुरचुरायला लागली होती.

"नाकापेक्षा मोती जड," ते म्हणाले आणि घड्याळ उतरवलं.

घड्याळजींनी मग थेट त्यांनाच विचारलं. काका जरा विचार करून म्हणाले, की घातलंय हे हाताला कळू नये, बाहीखाली निमूट जावं, आणि कातड्याला लोखंड लागू नये. घड्याळजींनी खालच्या खणातून एक मखमली तबक काढलं. त्यातलं सोनेरी काठाचं एक काकांना भारी आवडलं. त्यांनी मागची चिठ्ठी उलटून किंमत पाहिली आणि झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं ते अलगद जागेवर ठेवलं. दुसऱ्याची तबकडी काळी होती, काटेही काळे. वेळ पाहायला दुसऱ्या कुणाला बोलवावं लागलं असतं. तिसरं पांढऱ्या तबकडीचं. आकडे नाहीत, नुसत्या बारीक रेघा, दोन काटे, तपकिरी चामड्याचा पट्टा, आणि जाडी म्हणाल तर एखाद्या बिस्किटाएवढी. किंमतही बेताची होती. पट्टा मात्र काकांच्या मनगटाला पुरेना. घड्याळजींनी हसत हसत खण धुंडाळला, लांब पट्टा शोधला आणि चढवून दिला.

काकांनी हात सोडला, हलवला, पुन्हा पाहिला. घड्याळ हातावर आहे हे त्यांना बघूनच कळत होतं.

पण ते होतंच एवढंसं की डाग दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता.

"बाबा, हे नको," लेक हलक्या आवाजात म्हणाली. "डाग दिसतोय. त्या बाई पहिल्यांदा तेच विचारतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

घड्याळजींनी सुचवलं की उजव्या हातात घालता येईल, पुष्कळ लोक घालतात. काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"विचारू दे त्यांना," ते म्हणाले. "डाग काही चोरीचा माल नाही. तुझ्या आईने दिलेल्या घड्याळाचा आहे तो."

लेकीला एवढंच माहीत होतं की बाबांना भट्टीवर भाजलं. घड्याळाचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. काकांनी तिला तिथेच, काचेच्या कपाटाला टेकून, सगळं सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोने शिवणकाम करून साठवलेल्या पैशांतून त्यांना पोलादी पट्ट्याचं घड्याळ आणलं. काकांना त्याचं केवढं कौतुक. भट्टीवर धातू घालू नये असं जुने कामगार सांगत होते, पण मिरवायची हौस दांडगी. एक दिवस भट्टीच्या दाराच्या कडीत तो पट्टा अडकला. दोघा कामगारांनी मिळून हात सोडवेपर्यंत तापलेल्या पोलादाने आपलं काम केलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस बायको रोज पट्टी बदलायची, आणि दरवेळी तिचा चेहरा असा व्हायचा की जणू तिनेच हात भट्टीत धरला होता.

"चूक माझी होती, हे तिला शंभरदा सांगितलं," काका म्हणाले. "ऐकेचना. म्हटलं, पुन्हा हातात घड्याळ दिसलं तर रोज हिच्या जिवाला घोर. म्हणून सांगून टाकलं की मला घड्याळ आवडतच नाही."

लेकीला तो पहिल्या पगाराचा दिवस आठवला. आपण डबी पुढे केली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हे इतक्या वर्षांनी तिच्या ध्यानात आलं.

"मला तरी सांगायचंत," ती म्हणाली.

"तुझ्या पोटात काही राहतं का? तू तिला सांगितलं असतंस."

यावर ती डोळे पुसता पुसता हसली, कारण ते खरंच होतं. मग तिने घड्याळजींना सांगितलं की हेच द्या, आणि बापाचा हात धरून बाही स्वतः नीट केली. पैसे मात्र काकांनी तिला देऊ दिले नाहीत.

शनिवारी काका सभागृहात तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. मंडळ रंगमंचावर आलं, बाई मागच्या ओळीत उभ्या राहिल्या. पहिलं गाणं काकांनी जिवाचे कान करून ऐकलं. दुसरं संथ होतं, खुर्ची गुबगुबीत होती, आणि दिवेलागण होऊन गेली होती. पुढचं त्यांना टाळ्यांनीच कळलं.

कार्यक्रम संपल्यावर व्हरांड्यात चहा होता. काकांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाई दोन कप घेऊन त्यांच्याकडेच आल्या.

"दुसऱ्या गाण्यातच गेलात," त्या म्हणाल्या. "पण घोरला नाहीत, हे उपकारच."

काका पहाटेच्या कामाचं काहीतरी पुटपुटले. बाईंनी ते मनावर घेतलं नाही. त्यांची नजर घड्याळाकडे गेली होती. छान आहे, नाजूक आहे, म्हणाल्या, आणि बघायला हात मागितला. औषधांच्या दुकानात उमर गेलेली. डाग कशाचा हे त्यांना विचारावं लागलं नाही. अजून दुखतो का, एवढंच विचारलं. थंडीत खाजतो, काका म्हणाले, आणि मग बाकीचंही बोलून गेले. बाई मध्ये अरेरे म्हणाल्या नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी आपल्या नवऱ्याचं सांगितलं. त्यांना घरात गाण्याचा आवाज खपत नसे, म्हणून बाई हट्टाने मोठ्याने गायच्या. ते गेले आणि गळा मोकळा झाला, पण कित्येक महिने त्यातून सूरच फुटेना. नको म्हणायलाच कुणी उरलं नव्हतं.

चहा कपातच निवून गेला होता.

निघताना बाई म्हणाल्या, "संध्याकाळ तुमच्या कामाची नाही. आमची तालीम रविवारी सकाळी असते. तिथे या, जागे असाल."

काका गेले, आणि मग जातच राहिले. लेकीने फारसं काही विचारलं नाही; आपली रविवारची फेरी दुपारवर ढकलली, इतकंच. एकदा मात्र आपण होऊन सकाळीच आली आणि त्यांच्यासोबत तालमीला जाऊन मागच्या बाकावर बसली. परत येताना रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाली, की बाईंचा आवाज तसा बरा आहे.

लेकीच्या तोंडून एवढं निघालं, हे काकांना पुष्कळ झालं.