जाडातली जाड वायर

माझं जळगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळक्या मोटारी उघडायच्या आणि नवी तार भरायची. विहीर लांब असेल तर वायर जाड, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गेमच्या कन्सोलसाठी नेटची वायर घ्यायला गेलो तेव्हाही दुकानदार शेठना म्हटलं, "जाडातली जाड द्या. वीस मीटर."

कन्सोल मुलीचा. पुण्याला नोकरीला जाताना ती तो वरच्या खोलीत ठेवून गेली, आता त्यावर मी खेळतो. धुळ्याला माझ्या धाकट्या भावाकडेही तसाच आहे. आम्ही तीन वर्षं बोललो नव्हतो. वडिलांच्या तेराव्याला भर पंगतीत तो म्हणाला, "तू दवाखान्यात शेवटपर्यंत आला नाहीस." मी भरल्या ताटावरून उठलो आणि तडक जळगाव गाठलं. आमच्याकडे भरल्या ताटावरून उठणं म्हणजे नातंच तोडणं.

आणि एक दिवस कन्सोलवर त्याचं खेळायला बोलावणं आलं. सोबत शब्द एकही नाही. आम्ही मुक्यानंच क्रिकेट खेळायला लागलो. पण वाय-फाय वरच्या खोलीपर्यंत नीट पोचत नव्हतं. मधेच खेळ तुटायचा आणि त्याच्या पडद्यावर यायचं की समोरचा खेळाडू निघून गेला. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यानं आमच्या अहिराणीत लिहून पाठवलं, "परत उठी ग्या का?"

जिवाला लागलं ते. ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही लाइन आता तुटू द्यायची नाही.

म्हणून ती जाड वायर. जिन्याच्या कडेनं खिळे ठोकून वर नेली. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तुटलं. माझं डोकंच फिरलं. टोक कापलं आणि ब्लेडनं तार खरवडली. वरून तांबडी, आत पांढरीफटक. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. लोकांच्या मोटारीतली ही लबाडी मी रोज पकडतो, आणि स्वतःच्या घरात डोळे मिटून घेतली होती.

वायर गुंडाळून शेठच्या दुकानात आपटली. शेठ शांतपणे म्हणाले, "भाऊ, तुम्ही जाड मागितली, मी जाड दिली. तांब्याची कुठं मागितली?"

जाडी नुसत्या वरच्या रबराची होती. उन्हापावसातल्या कॅमेऱ्यांची वायर ती. शेठनी नेटची कॅट सिक्स वायर काढली, अस्सल तांब्याची, पहिलीपेक्षा बारीक. मी तिथंच आठही तारा खरवडून पाहिल्या. शेठ हसले, पण मी सोडलं नाही. मग त्यांनी दोन्ही टोकांना जॅक बसवून मशीनवर तपासून दिली.

त्या संध्याकाळी भावानं मला धुऊन काढलं. एरवीही हरताना मी चिडतो, तेव्हाही चिडलो होतो. बोट बंद करायच्या बटणावर गेलंच होतं. तेवढ्यात हेडफोनमध्ये त्याचा आवाज आला, तीन वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ, शे का?"

आहेस का, एवढंच; पण मला कळलं, तो वायरीचं विचारत नव्हता. बोट मागं घेतलं.

"शे," म्हटलं. "दवाखान्यात यायला मी घाबरलो होतो रे."